बॅटरी बदलण्याआधी सेल्फचा आवाज ऐका

जुनी गाडी सुरू झाली नाही की शेजारी, दुकानदार, रस्त्याने जाणारा, सगळ्यांचं निदान एकच: बॅटरी गेली. नवी टाकली की काही दिवस बरं चालतं, कारण ताजी बॅटरी गंजलेल्या वायरींतूनही निभावून नेते. मग पुन्हा रडगाणं सुरू. म्हणून पाना उचलण्याआधी सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला, कान द्यायचा.

किल्ली फिरवल्यावर भरभर टकटकटक झालं तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढलं जातं, व्होल्टेज पडतं, ते सुटतं, पुन्हा ओढलं जातं. एकच ठसठशीत टक आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडने काम केलं पण मोटर फिरली नाही. इथे झिजलेले कार्बन ब्रश, सोलेनॉइडमधले जळालेले तांब्याचे कॉन्टॅक्ट किंवा जाड वायरीतला अडथळा यांच्यावर संशय घ्या. हेडलाइट लख्ख आणि आवाजच नाही, तर किल्लीचा स्विच, रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर तपासायची. आणि इंजिन नेहमीच्या वेगाने गरगरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी-सेल्फच्या नादी लागूच नका. तिथे पेट्रोल किंवा प्लगची ठिणगी कमी पडतेय.

आता मल्टीमीटर. साधा चालतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. पण हा आकडा एकटा फसवतो. खरा आकडा सेल्फ मारतानाचा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन पेटू नये म्हणून कार्ब्युरेटरवाल्या गाडीत कॉइलची प्लसची बारीक वायर काढा, एमपीएफआयमध्ये (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीत) पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. दुसऱ्याला किल्लीवर बसवा आणि तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. चार्ज केलेली बॅटरी यावेळी ९.६च्या खाली गेली तर ती थकली आहे, नाहीतर सेल्फ जाम होऊन जास्त करंट खातोय. साडेदहाच्या वर राहूनही इंजिन रेंगाळत फिरत असेल, तर वाटेत कुठेतरी व्होल्टेजची गळती आहे.

ती शोधायची रीत अशी. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग (मायनसची बॉडी-इंजिनशी जोडणी) खराब. प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.५पर्यंत चालवून घेता येतं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत दोष बहुतेक अर्थच्या पट्टीतच निघतो. पट्टी वरून धड दिसते, पण लगखाली (टोकाच्या कडीखाली) गंज आणि रंगाचा थर असतो. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, दातेरी वॉशर टाकून कसा, वरून पेट्रोलियम जेली. खर्च एका चहाचा. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने जाते, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

नागपूरचा उन्हाळा या सगळ्यात वेगळीच भर घालतो. पारा ४५च्या आसपास असताना वर्धा रोडवरून येऊन गाडी बंद केली की पंखा आणि पाणी थांबतं, बॉनेटखालचं तापमान उलट चढतं. तांबं ५० अंशांनी तापलं की त्याचा रोध साधारण २० टक्क्यांनी वाढतो. सकाळी कसाबसा चालणारा सोलेनॉइड दुपारी टकसुद्धा करत नाही, तो याच हिशेबाने. किल्ली स्टार्टला धरून सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर व्होल्टेज बघा. बॅटरीपेक्षा दोन-तीन व्होल्ट कमी असेल तर किल्लीचे कॉन्टॅक्ट झिजलेत. सोलेनॉइडची ती वायर काढून ३० अँपिअरच्या रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला जोडा. ८५ बॉडीला. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज घालून ३०ला जाड वायर आणि ८७पासून सोलेनॉइडला. सेल्फ बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात पडतं.

कार्ब्युरेटरची मारुती ८०० असेल तर उन्हात दुसरंच होतं. फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात जाणाऱ्या नळीत) गळतं आणि वास सुटतो. चोक ओढू नका, अॅक्सिलरेटर पंप करू नका. तो पूर्ण दाबून धरा आणि पाचेक सेकंद सेल्फ मारा. काळा धूर सोडत घेईल. वास नाही आणि प्लग कोरडे, तर पाइपमध्ये वाफ धरली आहे. पेट्रोल पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, डिस्ट्रिब्युटर मात्र भिजवू नका. एमपीएफआयमध्ये किल्ली ऑन करताच मागून दोनेक सेकंद पंपाची घरघर यायला हवी. दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावरच गाडी घेत असेल तर लाइनमधलं प्रेशर टिकत नाही. गरम असतानाच बंद पडणारी आणि थंड झाल्यावर आपोआप घेणारी गाडी असेल तर क्रँक किंवा कॅम सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारे) तपासा.

बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं डिसेंबरात. मेमध्ये पाणी उडतं, प्लेटा खराब होतात, पण गरम इंजिन हलकं फिरतं म्हणून लक्षात येत नाही. थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की तीच बॅटरी हात वर करते. म्हणून पाणी भरायच्या बॅटरीत उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पातळी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. एसीचं गळणारं पाणी किंवा आरओचं पाणी ही काटकसर महागात पडते.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असून सकाळी ती रिकामी मिळत असेल, तर बंद गाडी करंट खातेय. मायनसची वायर काढून मध्ये मीटर १० अँपिअरच्या जागी लावा, दारं बंद करून थोडं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल त्या लाइनवर शोधा, मागाहून बसवलेला स्टिरिओ आणि अलार्म आधी. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.