भिगवणचा ऑस्प्रे आणि फ्रेमबाहेर गेलेला पंख

माझ्या संगणकावर नऊ दिवस एक फोटो अधांतरी पडून होता. भिगवणहून आणलेल्या साडेआठशे फोटोंपैकी आठशेच्या वर फोटोंचा निकाल एका रात्रीत लागला. हललेले, फोकस चुकलेले, एकाच बसलेल्या बगळ्याचे वीस-वीस वेळा काढलेले फोटो पुसताना मला कधी वाईट वाटत नाही. मान कापल्या गेलेल्या रोहित पक्ष्यांचा एक अख्खा थवा मी त्याच रात्री निर्विकारपणे उडवला. मात्र ४२१७ क्रमांकाच्या फ्रेमपाशी हात थांबला, आणि तो का थांबला हे सांगायचे तर त्या सकाळपासून सुरुवात करावी लागेल.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण लागते. पहाटे साडेतीनला निघून, वाटेत एका टपरीवर चहा घेऊन, आम्ही उजाडण्यापूर्वी कुंभारगावात पोहोचलो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाणफुगवट्याने पुणे, सोलापूर आणि नगर अशा तीन जिल्ह्यांतल्या जमिनी पोटात घेतल्या. पळसदेवचे जुने देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. कागदोपत्री या जलाशयाचे नाव यशवंतसागर असले तरी इथे सगळे त्याला ‘उजनीचे पाणी’ एवढेच म्हणतात. काठाकडचे हे पाणी उथळ आहे आणि त्यात बुडून वाळलेल्या झाडांची खोडे जागोजागी उभी आहेत. ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्या भागातले मासेमार आता हिवाळ्यात आपल्या होड्यांतून पक्षी दाखवायला नेतात. पक्षी त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत, कारण जाळे टाकताना ते रोज समोरच असतात.

आमच्या होडीवाल्या मामांनी इंजिन लवकरच बंद केले आणि लांब बांबूने होडी रेटायला सुरुवात केली. पाण्यावर धुके होते. त्यातून आधी चक्रवाकांचे आवाज आले, मग पट्टकदंबांची एक रांग डोक्यावरून गेली आणि सात वाजून गेल्यावर सूर्य वर आला तेव्हा दूरवर रोहितांची गुलाबी कड दिसू लागली. बरोबरच्या दोघांना रोहितच हवे होते आणि तिकडे जाणे रास्तही होते. पण मामांनी बांबू रोखून हळूच म्हटले, “तिकडं बगा, खोडावर. मासा धरायला बसलीया.”

मामांच्या बोलीत ती ‘माशावरची घार’ होती. तो ऑस्प्रे होता. हा पक्षी हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो आणि जवळपास केवळ माशांवरच जगतो. इतर घारी-गरुड पाण्याच्या पृष्ठभागावरून मासा उचलतात, हा मात्र पाय पुढे करून पाण्यात झोकून देतो आणि कधी कधी क्षणभर पूर्ण दिसेनासा होतो. खोडावर बसलेल्या ऑस्प्रेचे माझ्याकडे आधीच साठेक फोटो आहेत, सगळे नीटनेटके आणि सगळे एकमेकांसारखे. म्हणून मी होडी पुढे घ्यायला सांगितले नाही. खरे सांगायचे तर त्यात पक्ष्याबद्दलचा विचार थोडा आणि कंटाळा जास्त होता.

दहा-बारा मिनिटे काहीच घडले नाही. मग तो उठला, आमच्या डावीकडून अर्धा फेरा मारून वर गेला, हवेत जागच्या जागी पंख मारत थांबला आणि खाली आला. पाणी उडालेले मला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसलेच नाही, कारण तो जिथे पडेल असे मला वाटले तिथे तो पडला नव्हता. कॅमेरा वळवेपर्यंत तो पाण्यातून सुटून थेट आमच्या दिशेने येत होता. मी बटण दाबून धरले. सेकंदाला दहा या वेगाने चौदा फोटो निघाले, म्हणजे सगळा प्रकार दीड सेकंदाच्या आत आटोपला.

आता चूक कुठे झाली ते. माझी लेन्स २०० ते ५०० मिलिमीटरची आहे आणि पक्षी म्हटला की माझा हात झूमचे कडे आपोआप शेवटपर्यंत फिरवून ठेवतो. ऑस्प्रेच्या पसरलेल्या पंखांची लांबी दीड मीटरच्या पुढे जाते. घरी कागदावर हिशेब केला तेव्हा लक्षात आले की माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर ५०० मिलिमीटरला एवढा पक्षी साधारण ३५ मीटरपर्यंतच मावतो, त्याहून जवळ आला की पंख बाहेर जाणारच. तो २५ मीटरवर तरी आला असावा. कडे ३५० च्या आसपास असते तरी तो सगळा मावला असता. त्यामुळे पक्ष्याने संधी दिली नाही असे मला म्हणता येत नाही.

४२१७ मध्ये त्याचा उजवीकडचा पंख मनगटाच्या सांध्यापाशीच कापला गेला आहे. कापायचाच असेल तर सांध्यावर कापू नये, हे माणसांचे फोटो काढणाराही पहिल्या दिवशी शिकतो, कारण तिथे कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. शेपटीचे टोकही खालच्या कडेला चिकटले आहे. डावीकडे मात्र हातभर रिकामे, राखाडी पाणी आहे, जे कुणालाच नको होते. कोणत्याही स्पर्धेत हा फोटो पहिल्या चाळणीतच गळेल.

त्याच्यानंतरची चौथी फ्रेम, ४२२१, उलट आहे. पक्षी वळून दूर जाऊ लागला होता, म्हणून दोन्ही पंख टोकापर्यंत आहेत, मोकळी जागा हवी तिथे आहे आणि मागचे पाणीही छान धूसर झाले आहे. फक्त चेहरा दिसत नाही आणि मासा अंगाआड गेला आहे. कुणी न सांगता पाहिले तर नुसती उडणारी घार वाटेल.

परत आल्यावर काठावरच्या एका घरी जेवलो. भाकरी आणि चिलापीचा रस्सा. उजनीत चिलापी ही मासळी मुबलक मिळते आणि या भागातल्या ताटात तीच अधिक येते. हात धुऊन मामा शेजारी बसले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यांनी फोटो पाहिले. ४२२१ त्यांनी एका नजरेत ओलांडला. ४२१७ वर थांबून मला तो मोठा करायला लावला.

“चिलापीच हाय. आन् तोंड पुढं केलंय बगा. आडवी धरली तर वारं लागतं, उडता येत न्हाई.”

मी तोपर्यंत फक्त पंखाकडे पाहत होतो. मोठे करून पाहिले तेव्हा दिसले की मासा खरोखरच पक्ष्याच्या अंगाला समांतर, तोंड पुढे करून धरलेला आहे. एक पाय पुढे आणि एक मागे आहे. पुढच्या पायाचे बाहेरचे बोट मागे वळलेले आहे, म्हणजे दोन बोटे एका बाजूने आणि दोन दुसऱ्या बाजूने माशाला आवळत आहेत. ऑस्प्रेला हे बोट मागे फिरवता येते आणि निसटत्या माशासाठी त्याच्या तळव्यावर बारीक काटे असतात, हे मी अनेकदा वाचले होते. वळलेले बोट मात्र या फ्रेममध्ये प्रथमच पाहिले. माशाचा कल्ला उघडा आहे. पक्ष्याच्या पोटावरून पाण्याचे थेंब मागे ओढले जात आहेत आणि पिवळा डोळा सरळ लेन्सकडे आहे.

मामांना मात्र तो फोटो नको होता. त्यांनी रोहितांचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितला, “पाव्हण्यांना दाखवाया”. त्यांचे बरोबरच होते, पुढच्या रविवारी होडीत माणसे बसवायला रोहितच उपयोगी पडणार.

घरी आल्यावर या फ्रेमवर सगळे उपाय करून पाहिले. आत आणखी कापून दोन्ही पंख सारखेच तोडले की चूक हेतुपुरस्सर वाटू लागते. डोके, पाय आणि मासा एवढेच ठेवून चौकोनी तुकडा काढला तर त्याची बाजू २६०० पिक्सेलची भरते, म्हणजे साडेआठ इंचांची स्वच्छ छपाई सहज निघेल. हा तुकडा मूळ फोटोहून देखणा आहे, यात शंका नाही. पण त्यात मागे जाणारे थेंब जातात आणि पक्षी नुकताच पाण्यातून आला आहे हे कळेनासे होते. एका मित्राने सुचवले की हल्लीच्या सॉफ्टवेअरला सांगितले तर ते उरलेला पंख काढून देईल. दिला असता, आणि बहुधा चांगलाही. पण तो पंख त्या सकाळी भिगवणला नव्हता. २००९ साली वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही स्पर्धा जिंकलेला, कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पुढच्या जानेवारीत बाद झाला, कारण तो लांडगा माणसाळवलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. त्या फोटोतही चौकटीत सगळे जिथल्या तिथे होते.

बायकोने दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले आणि विचारले, “यातला एकच छापायचा असेल तर?” मी ४२२१ म्हणालो. “आणि एकच पुसायचा असेल तर?” त्यावरही माझे उत्तर ४२२१ हेच आले. यात विसंगती आहे हे मला दिसते, पण दोन्ही उत्तरे खरी आहेत. भिंतीवर लावायचा फोटो दुसऱ्यांसाठी असतो आणि तिथे तुटलेला पंख रोज टोचला असता. डिस्कवर ठेवायचा फोटो मी स्वतःसाठी ठेवतो. त्या दीड सेकंदात जे माझ्या डोळ्यांदेखत घडले आणि तरी मला दिसले नाही, ते याच एका फ्रेममध्ये आहे. आदल्या फ्रेमला मासा हलला आहे आणि पुढच्या फ्रेमला पाय पंखाआड गेला आहे.

काल रात्री अखेर निकाल लावला. चौदापैकी बारा फोटो पुसले. ४२२१ ऑस्प्रेच्या फोल्डरमध्ये, त्या साठ बसलेल्यांच्या शेजारी टाकला. ४२१७ कुठेही न कापता, डावीकडच्या रिकाम्या पाण्यासकट तसाच ठेवला आणि त्यासाठी नवे फोल्डर केले. त्याला नाव दिले ‘चिलापी’.