पहिली पानं जाऊ द्या

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी ओटीवरून आत आलं की समोर दोन फुटांची काचेची टाकी आहे. येणारे आधी मासे बघतात आणि निघताना हमखास विचारतात, "आम्हीपण खरी झाडं लावली होती. आठ-दहा दिवसांत पानांचा लगदा झाला. शेवटी प्लास्टिकची आणली. तुमची कशी जगतात?" दारात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितो.

तुमची झाडं बहुतेक मेली नव्हती. पानं गेली होती, एवढंच.

दुकानात मिळणारी बरीच पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असते. मुळं ओली आणि पानं दमट हवेत. त्या पानांवर मेणचट लेप असतो, त्यांची घडणच हवेसाठी झालेली असते. पाण्यात बुडाल्यावर ती निरुपयोगी होतात. मग झाड ती सोडून देतं आणि पाण्याखाली चालतील अशी नवी, पातळ पानं काढायला घेतं. यात क्रिप्टोकोरीन सगळ्यात हळवी. माझ्याकडची वेन्टी जात मूळची श्रीलंकेतली. पाणी बदललं, जागा बदलली, तरी तिची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात.

पहिल्या वेळी मीही दहाव्या दिवशी सगळी रोपं उपटून माडाच्या बुंध्यात टाकली. दुसऱ्यांदा तोच प्रकार सुरू झाला तेव्हा काकी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अरे, तरवो लावल्यावर आठ दिस पिवळो रवताच. उपटून बगतंस कित्याक?" लावणीनंतर कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, भाताची रोपं पिवळी पडतात, मग मूळ धरतात आणि हिरवी होतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी टाकीपुढे बसल्यावर ते सुचलं नव्हतं.

तेव्हा हात लावला नाही. कुजलेली पानं तेवढी कात्रीने बुडाशी कापून काढली, कारण ती पाण्यात राहिली की अमोनिया वाढतो. बाविसाव्या दिवशी रात्री बॅटरी मारून बघितलं. वाळूतून सुईच्या टोकाएवढं काहीतरी वर आलं होतं. तपकिरी, घट्ट गुंडाळलेलं. चार दिवसांनी ती गुंडाळी सुटली आणि बोटाच्या पेराएवढं पान उघडलं, कडा किंचित लहरी. त्या रात्री मी जेवायचंही विसरलो.

अनुबियास आणि जावा फर्न ही झाडं मात्र खरोखर कुजतात, आणि ते आपल्या हातून. त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरायचा नसतो. दोऱ्याने दगडाला बांधा, मुळं आपोआप पकड घेतात.

तळाला मी एक इंच कुणग्यातली माती घातली आहे, चाळून, काड्या-मुळ्या काढून. शेणखत किंवा रासायनिक खत पडलेली माती नको. तीत मूठभर जांभ्याचा चुरा, त्यात लोह भरपूर. वर दीड इंच नदीची वाळू. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड होत जातं. शंका असेल तर चिमूटभर वाळूवर लिंबू पिळा, फेस आला तर शिंपले आहेत. पाणी विहिरीचं चालतं, पण मे महिन्यात ते मचूळ लागू लागलं की टाकीत ओतू नका. दिवा सुरुवातीला सहा तास पुरे, जास्त ठेवलात तर शेवाळ झाडांच्या आधी वाढतं. या झाडांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही.

आणि मासे पहिल्या दिवशी सोडू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवून आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे जातात. तयार झालेलं नायट्रेट झाडं खातात. त्यासाठी मुलं रुसली तरी चालतील. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर चार-पाच मासेच सोडा, बाकीचे पुढच्या महिन्यात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते, म्हणून सेलवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवाच. नको झालेले गप्पी मासे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कधीही सोडू नका, तिथले मासे वेगळे आहेत आणि ते तिथलेच राहायला हवेत.

सध्या माझ्या वेन्टीला चारी बाजूंनी पिल्लं फुटली आहेत, विरळ करायलाच हवीत. कोणाला हवी असतील तर येताना झाकणाचा डबा आणा. पाणी भरून आणायची गरज नाही, ओल्या कागदात गुंडाळून दिली तरी घरापर्यंत नीट जातात.