पैसे भरले, मेसेजही आला, तरी मेट्रोचं गेट का उघडत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: ‘काल रात्री ॲपवरून मेट्रोच्या कार्डात पाचशे रुपये भरले. खात्यातून गेले, मेसेजही आला. सकाळी गेटवर मात्र लाल दिवा. माझे पैसे गेले कुठे?’

पैसे सुखरूप आहेत, फक्त ते अजून बँकेकडे आहेत. कार्डावर पोचलेले नाहीत.

हे कार्ड म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, एनसीएमसी. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत पंतप्रधानांच्या हस्ते ते सुरू झालं. मुंबई मेट्रो २अ आणि ७ वरचं ‘मुंबई वन’ असो, पुणे मेट्रोचं ‘वन पुणे’ असो की बेस्टच्या बसमधलं एनसीएमसी कार्ड, वरचं चित्र वेगळं, आतली रचना एकच. ती एनपीसीआयने, म्हणजे देशातल्या डिजिटल पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने, आपल्या ‘रुपे’ कार्डांसाठी ठरवलेली आहे. त्याआधी प्रत्येक शहराचं, कधीकधी एकाच शहरातल्या प्रत्येक मार्गाचं कार्ड निराळं असायचं आणि दुसरीकडे त्याचा काही उपयोग नसायचा.

या कार्डाला दोन खिसे असतात. पहिला बँकेच्या सर्व्हरवर, दुसरा कार्डातल्या चिपमध्ये. मेट्रोचं गेट फक्त दुसऱ्या खिशात हात घालतं. ॲपवरून भरलेली रक्कम आधी पहिल्या खिशात जाते आणि ती चिपमध्ये उतरवण्यासाठी कार्ड एकदा यंत्रावर ठेवावंच लागतं. तुमचं बँकेचं डेबिट कार्ड एनसीएमसी असेल तरी हेच. खात्यात पन्नास हजार असले आणि चिपमध्ये शून्य असलं, तर गेट उघडत नाही. तेच कार्ड दुकानात टॅप केलं की पैसे खात्यातून जातात, त्यामुळे लोकांचा गोंधळ आणखी वाढतो.

मग गेटने सरळ बँकेलाच का विचारू नये? कारण तेवढी सवड नसते. गर्दीच्या वेळी एका गेटमधून मिनिटाला पंचवीस-तीस माणसं बाहेर पडतात, म्हणजे कार्ड साधारण अर्ध्या सेकंदात वाचून, पैसे कापून, शिल्लक परत लिहून व्हायला हवं. बँकेकडे जाऊन-येऊन दोन-तीन सेकंद लागले तरी रांग जिन्यापर्यंत जाते. शिवाय स्टेशन भुयारी असतं, बस घाटात असते, नेटवर्क कधीही जातं. म्हणून पैसे चिपमध्येच ठेवायचे आणि व्यवहार गेट व कार्ड यांच्यातच मिटवायचा, असं ठरवलं गेलं. आपल्यासारख्या देशात हा निर्णय योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. गेट दिवसभराचे व्यवहार साठवून मागाहून बँकेकडे पाठवतं, त्यामुळे आजचा प्रवास खात्याच्या यादीत कधीकधी उद्या दिसतो.

आता करायचं काय ते. ॲपवरून रक्कम भरल्यावर स्टेशनवरच्या रिचार्ज यंत्रावर जा, किंवा तिकीट खिडकीवर ‘बॅलन्स अपडेट करून द्या’ म्हणा. कार्ड पाकिटातून काढून रीडरवर सपाट ठेवा आणि पडद्यावर नवी शिल्लक दिसेपर्यंत उचलू नका. ‘बीप’ वाजली म्हणजे कार्ड ओळखलं गेलं, काम संपलं असं नाही. नेमकी इथेच बहुतेकांची घाई होते. त्या वेळी यंत्र बँकेशी बोलत असतं. बँक रक्कम वाढवण्याचा सांकेतिक आदेश पाठवते, चिप तो आपल्याच बँकेचा आहे का हे आतल्या गुप्त सांकेतिक किल्लीने तपासते आणि मगच नवा आकडा लिहिते. आदेश येण्याआधी कार्ड उचललं, तर बँकेच्या नोंदीत रक्कम उतरलेली आणि चिपमध्ये जुनाच आकडा, असं होऊ शकतं. तेव्हा तेच कार्ड त्याच यंत्रावर पुन्हा ठेवून बघा. दुसऱ्यांदा पैसे भरू नका. खिडकीवर रोख दिली, तर कर्मचारी तिथेच कार्ड रीडरवर ठेवतो आणि रक्कम थेट चिपमध्ये जाते. सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आजही हाच आहे.

चिपमध्ये एका वेळी जास्तीत जास्त २,००० रुपये राहतात. चिपमध्ये १,६०० असताना आणखी ५०० उतरवायला गेलात, तर यंत्र नकार देतं आणि पडद्यावरचं कारण बऱ्याचदा नीट कळत नाही.

शिल्लक असूनही गेट अडतं, त्याचं नेहमीचं कारण अर्धवट प्रवास. आत जाताना चिपवर स्टेशन आणि वेळ लिहिली जाते. बाहेर पडताना गेट ते वाचतं, भाडं काढतं, कापतं आणि नोंद बंद करतं. बाजूचं मोठं गेट उघडं होतं म्हणून कुणी टॅप न करता बाहेर पडलं, तर चिपच्या हिशेबी तो माणूस अजून आतच आहे. पुढच्या वेळी गेट त्याला आत घेणार नाही. खिडकीवर सांगितलं, की ते नियमाप्रमाणे भाडं कापून नोंद दुरुस्त करतात.

दुसरं कारण अगदी साधं आहे. कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती पकडायला कार्डाच्या कडेकडेने तांब्याच्या बारीक तारेचे काही वेढे प्लॅस्टिकच्या थरांत दाबलेले असतात. गळ्यात अडकवायला सोपं म्हणून लोक कार्डाच्या कोपऱ्याला पंचने भोक पाडतात. तार तुटते आणि कार्ड कायमचं मुकं होतं. वरून काही दिसत नाही, छपाई जशीच्या तशी. उजेडापुढे धरलंत तर काही कार्डांत त्या वेढ्यांची पुसट चौकट दिसते. लहान मुलांसाठी किंवा आजीसाठी कार्ड घेतलं असेल, तर ते प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून पाऊचला दोरी बांधा. पाकिटात दोन टॅपची कार्डं एकत्र असतील, तर एक बाहेर काढूनच लावा, कारण दोघं एकदम उत्तर देऊ लागली की रीडर गोंधळतो.

हरवलेल्या कार्डाबद्दलही विचारणा होते. बँकेकडचा खिसा फोन करून बंद करता येतो. चिपमधली रक्कम मात्र बहुतेक बँका परत देत नाहीत, कारण ते पैसे खिशातल्या नोटांसारखे कार्डासोबतच गेलेले असतात. म्हणून दोन हजार भरून ठेवू नका. आठवडाभराच्या भाड्यापुरते पुरेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक वाहतुकीपुरती कार्डं केवायसीशिवाय, म्हणजे ओळखीच्या कागदपत्रांची तपासणी न करता, द्यायला परवानगी दिली. त्यांत एकूण ३,००० रुपयांहून जास्त कधीच ठेवता येत नाहीत, रोख काढता येत नाही आणि परतावाही नाही. धुणीभांडी करायला रोज मेट्रोने येणाऱ्या बाईंना, फोन नसलेल्या शाळकरी मुलाला याचा खरा फायदा आहे. क्यूआर तिकिटाला चार्ज असलेला फोन लागतो, कार्डाला काहीच लागत नाही. तिकीट खिडकीवर रोख घेऊन रिचार्ज करण्याची सोय म्हणूनच टिकायला हवी. आणि बँकांनी मेसेज बदलावा. ‘रक्कम जमा झाली’ हे अर्धंच सांगणं आहे. ‘रक्कम आमच्याकडे आहे, स्टेशनवर कार्ड लावून उतरवून घ्या’ असं एक वाक्य मराठीत आलं, तर सकाळची निम्मी भांडणं मिटतील.

इतकं करूनही रक्कम अडकलीच, तर तक्रारीत चार गोष्टी द्या: पैसे भरल्याची तारीख आणि वेळ, ज्या यंत्रावर कार्ड ठेवलं त्या यंत्राचा क्रमांक, पावतीवरचा किंवा मेसेजमधला व्यवहार क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे ४ आकडे. पिन किंवा ओटीपी कुणी मागितला तरी देऊ नका, या कामाला तो लागतच नाही. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करा. गेटवरच्या कर्मचाऱ्याला फक्त चिपमधला आकडा दिसतो, बँकेतला नाही.