पोलचा पहिला क्लास: आदल्या रात्री तेल लावू नका

पोल फिटनेस म्हणजे उभ्या, गुळगुळीत धातूच्या खांबावरचा व्यायाम. त्याच्या पहिल्या क्लासची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. त्या रात्रीपासून अंगाला तेल, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन यातलं काहीही लावायचं नाही. ‘तळहातांना नाही, फक्त पायांना लावलं’ म्हणून भागत नाही. मांड्या, पोटऱ्या आणि गुडघ्याच्या लवणीच तर तुम्हाला पोलवर धरून ठेवणार असतात.

मल्लखांब केलेल्यांना हे उलटं वाटतं. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल चोळतात, कारण जाड लाकडावर अंग घासून सोलवटतं. पोलच्या गुळगुळीत क्रोमच्या मुलाम्यावर मात्र कोरडी कातडीच चिकटते, तेलाच्या एका बोटाने पकड जाते. जाडीही वेगळी. मल्लखांब कवेत घ्यावा लागतो; पोल साधारण 45 मिलिमीटर व्यासाचा, मुठीत मावणारा.

पकड उघड्या कातडीची, म्हणून आखूड शॉर्ट्स हवीत. लेगिंग घालून पोलवर बसलं की सरळ खाली घसरायला होतं. वॉर्मअपपुरती वरून लेगिंग असू द्या, नंतर काढा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरीच ठेवा: पोलवर ओरखडे उठतात आणि अंगठीखाली बोट चेंगरतं. पोटभर जेवून दोन तास तरी गेलेले असावेत.

पोल दोन तऱ्हांनी लावता येतो: स्थिर किंवा फिरता. पहिल्या दिवशी स्थिरच मागा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तळवे घामेजतातच. लिक्विड चॉक (तळवे कोरडे ठेवणारी पातळ खडूची पेस्ट) वाटाण्याएवढा घ्या, पूर्ण सुकू द्या, मगच पोल धरा. ओल्या हातावर चॉक लावला तर त्याचा नुसता चिखल होतो. आधीच्या व्यक्तीचा घाम स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसून घ्यायला लाजू नका.

पहिली गिरकी बहुधा ‘फायरमन’. पोल उजवीकडे ठेवून उभं राहा. उजवा हात डोक्याच्या वर, जवळजवळ सरळ; डावा छातीच्या उंचीवर. उजवं पाऊल पोलच्या बुंध्याजवळ, कंबर पोलपासून थोडी लांब. आता डावा पाय बाहेरून मोठ्या कमानीत फिरवा, उजवा उचला आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये पोल दाबून धरा. खाली येताना चवड्यांवर, गुडघे किंचित वाकवून.

बहुतेक जण इथे वर उडी मारतात. गिरकीचा वेग त्या बाहेरच्या पायाच्या कमानीतून येतो. उडी मारली की अंग पोलला येऊन आपटतं आणि अर्ध्या फेरीत सगळं थांबतं. कोपर दुमडून छाती पोलला चिकटवली तरी तेच होतं. दुसरी चूक खांद्यांची. खांदे कानांपाशी गेले की सगळं वजन सांध्यावर लोंबकळतं. पाय उचलण्याआधी वरच्या हाताचा खांदा खाली ओढा, बगलेमागचा स्नायू ताठ झालेला जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल तर पाय जमिनीवरच राहू द्या.

चढण्यात ताकद लागते ती पायांची. एका पायाची नडगी पोलवर तिरकी टेकवा: गुडघा एका बाजूला, पाऊल दुसऱ्या बाजूला, बोटं नडगीकडे ओढलेली. दुसरा पाय मागून आणून पोटरीने दाबा. हात वर सरकवा आणि पाय सरळ करत उठा. नुसत्या दंडांवर ओढून घेणारे दोन प्रयत्नांत दमतात. पावलाच्या वरच्या भागाला चांगलंच दुखतं, तिथली कातडी कोवळी असते. वर बसायचं झालं की मांडीच्या आतल्या बाजूला चिमटा बसतो. पोल मांड्यांमध्ये जितका उंच आणि दाब जितका पक्का, तितकं घसरणं कमी आणि चिमटाही थोडा सुसह्य.

पहिल्याच दिवशी उलटं लटकायला लावणारा क्लास असेल तर मी तरी दुसरा शोधायला सांगेन.

दुसऱ्या दिवशी मांड्या आणि नडग्या काळ्यानिळ्या दिसतील, बर्फाने शेका. मात्र मनगटात किंवा खांद्यात कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, तर ते नुसतं काळंनिळं होणं नव्हे. तिथेच थांबा आणि शिकवणाऱ्यांना सांगा. पुढच्या क्लासआधी दोन दिवस मोकळे ठेवा, आणि गिरकी डाव्या बाजूनेही करा, कितीही बेंगरूळ दिसली तरी.