साधना कट

आमच्या मावस-मामे भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एक जोडफोटो येऊन पडतो. डावीकडे एखादी नटी, साधारण 1965 सालची, मान तिरकी, डोळ्यांत काजळाची शेपटी ओढलेली. उजवीकडे तीच, आत्ताची. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये नाहीतर कुणाच्या तरी लग्नात खुर्चीवर. खाली मजकूर, ‘ओळखा पाहू कोण?’ मग रांगेने ‘अरेरे’ पडायला लागतात. त्यात सर्वांत पुढे असणारा आमचा दादा स्वतः एकसष्टीला टेकलाय. त्याचा डीपी मात्र गोव्याच्या सहलीतला, 2009 चा.

मीही टाकत असे अरेरे. आईमुळे बंद झालं.

आई 1948 ची. सांगलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिने साधना कट केला होता. आताच्या मुलींना सांगावं लागतं की साधना नावाची नटी होती आणि तिच्या कपाळावर भुवयांपर्यंत सरळ कापलेले केस असत. ‘लव्ह इन सिमला’ 1960 चा. त्या वेळी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना तिचं कपाळ पडद्यावर फार रुंद वाटलं, आणि ऑड्री हेपबर्नसारखे पुढचे केस कापून ते झाकायचं ठरलं. म्हणजे मुळात ती फॅशन नव्हतीच, झाकपाक होती. त्या झाकपाकीने पुढची दहा वर्षं देशभरच्या मुलींनी आपापली चांगली भली कपाळं झाकली. पुढे नय्यर यांनी तिच्याशी लग्नच केलं, कपाळासकट.

सांगलीत तेव्हा मुलींनी केस कापायला जायचं कुठे? हॉस्टेलवरच्या एका मैत्रिणीने आईचे पुढचे केस ओले केले, फणीने कपाळावर ओढून घेतले आणि भरतकामाच्या कात्रीने कापले. ओले केस लांब दिसतात हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. वाळल्यावर ते आक्रसून अर्ध्या कपाळावर उभे राहिले. आजोबा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “गाढवाने खाल्लं काय?” पण महिन्याभरात केस भुवयांवर आले आणि त्या महिन्यानंतरचा एक फोटो आमच्या घरी आहे. काळापांढरा, कोपरा दुमडलेला. त्यातली मुलगी माझी आई आहे हे मला अजूनही तर्कानेच पटवून घ्यावं लागतं.

बाबांचं काही लपलेलंही नाही आणि दिसलेलंही नाही. ते 1942 चे, आणि 1999 च्या नोव्हेंबरात गेले, सत्तावन्न वर्षांचे होते. अन्ननलिकेचा. बघा, मी तो शब्द आताही लिहिला नाही. तेव्हा आमच्या घरात तो उच्चारला जात नसे. ‘टाटाला जातोय’ म्हटलं की समोरच्याला कळायचं आणि तो पुढे विचारायचा नाही. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासून उभं आहे आणि इतकी माणसं तिथून बरी होऊन घरी आली आहेत, पण मराठीत ‘टाटाला नेलं’ या दोन शब्दांचा सूर काही बदलला नाही. डोंबिवलीहून स्लो लोकलने परळ. बाबा खिडकीशी, मांडीवर फाइल, फाइलवर ‘लोकसत्ता’ उलगडून धरलेला, म्हणजे फाइलवरचं नाव कुणाला दिसू नये. घाटकोपरनंतर गर्दीत पेपर उलगडा धरणं किती अवघड आहे, हे ज्यांनी ती गाडी केली त्यांनाच कळेल. बाबांनी मस्जिदला उतरायचं असल्यासारखा चेहरा ठेवून तो सहा महिने धरला.

ते गेले आणि पुढच्या जुलैत, 3 तारखेला, ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. अमिताभही 1942 चाच. तेव्हा तो सत्तावन्नच्याच घरात होता, म्हणजे बाबा जिथे थांबले बरोबर तिथून हा माणूस नव्याने चालायला लागला, रोज रात्री नऊ वाजता, आमच्याच बैठकीच्या खोलीत. आईने पहिले काही भाग पाहिलेच नाहीत. भांडी घासत बसायची. मी मात्र पाहत होते, आणि प्रश्नांकडे माझं लक्ष नसायचं. दाढी पिकत गेली, डोकं काळंच राहिलं (हनुवटी आजोबा आणि डोकं नातू, असं माझा मुलगा म्हणतो), आवाजात जरा खरखर आली, उभं राहताना हात खुर्चीच्या पाठीकडे जाऊ लागला. बाबा सत्तरीत कसे बसले असते, ऐंशीत जिना कसा चढले असते, याचा दुसरा कुठला नमुना माझ्याकडे नव्हता. बाबा आज किती वर्षांचे असते हे मला बोटांवर मोजावं लागत नाही. 11 ऑक्टोबरला वाहिन्यांवर येतंच. 2025 मध्ये त्र्याऐंशी.

सगळ्या घरांत असं एखादं घड्याळ असणार. कुणाकडे गावसकर असेल, कुणाकडे अशोकमामा. माणूस आपल्या ओळखीचा नसतो, पण त्याच्या केसांवरून आपण आपल्या माणसाचं वय लावतो. त्यामुळे ‘अरेरे’ त्या नटीसाठी असतं हे काही खरं नाही. तिची सून, तिचा फिजिओथेरपिस्ट, तिचं ती, बघून घेतील. आपण हळहळतो ते आपल्या घड्याळात किती वाजले ते दिसल्यामुळे.

तर आई. 2014 च्या सुरुवातीला तिला छातीत गाठ लागली. आंघोळ करताना, साबणाच्या हाताला. या वेळी शब्द लपवायचा नाही असं मी ठरवलं होतं आणि त्यासाठी मनाची बरीच तयारीही केली होती. तर तिनेच शेजारच्या काकूंना गॅलरीतून सांगून टाकलं, “मला कॅन्सर झालाय हो, उद्यापासून दूध अर्धा लिटरच लागेल.” दुधाचा आणि कॅन्सरचा संबंध काय ते काकूंना आजही कळलेलं नाही.

चार लाल, मग दर आठवड्याला एक अशा बारा. केमोचं गणित सगळे याच भाषेत सांगतात. ते लाल औषध बाटलीतून उतरताना खरंच लालभडक दिसतं. आई म्हणायची, कोकम सरबत लावलंय, साखर कमी आहे. केस जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. औषधाला कॅन्सरची पेशी आणि केसाच्या मुळाची पेशी यांतला फरक कळत नाही, भराभरा वाढणारं दिसलं की ते मारत सुटतं. सोळाव्या दिवशी सकाळी उशीवर केस होते. आधी वाटलं उशी उसवली. मग फणीत, मग मोरीच्या जाळीत. आई दोन दिवस पदर डोक्यावरून घेऊन हिंडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “हे असं हप्त्याहप्त्याने नको. बोलाव त्याला.”

तो म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला. पंचविशीचा असेल. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारी आला, पाठीवर सॅक घेऊन. गॅलरीत स्टूल ठेवलं, खाली जुने पेपर पसरले. आई बसली आणि काय आठवलं कोण जाणे, हसायला लागली. तिच्या आजीकडे म्हणे न्हावी मागल्या दाराने यायचा. ती आजी सोवळी होती, लाल आलवणातली. मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं 1890 सालीच जाहीर केलं होतं, पण ती वार्ता आमच्या आजोळच्या वाड्यापर्यंत काही पोचली नसावी. “आमच्या आजीचा मागल्या दाराने, माझा लिफ्टने,” आई म्हणाली. “एवढी प्रगती झाली.”

मशीन सुरू करायला त्याने बोट नेलं, तेव्हा तिने हात वर केला.

“थांब रे. आधी पुढचे कपाळावर घे. आणि भुवयांच्या वर सरळ काप. साधना कट.”

“काय कट?”

“सरळ. पट्टी लावल्यासारखं.”

“फ्रिंज म्हणता का आजी?”

“तेच असेल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढे तसे बरेच केस शिल्लक होते, पांढऱ्याच्या मुळाशी काळा डाय संपत आलेला. त्याने पाणी मारलं. “पाणी नको, आखडतात,” आई म्हणाली. एकोणपन्नास वर्षांत विसरली नव्हती. मग त्याने कोरडेच विंचरले, डाव्या हाताच्या दोन बोटांत धरले आणि कात्रीच्या टोकाने बारीक बारीक कापत गेला, अगदी मन लावून, जणू हे पुढे महिनाभर टिकणार आहे. दोन केस नाकावर पडले, ते त्याने फुंकरीने उडवले. आरसा धरला. आईने मान तिरकी केली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मला वाटलं आता ही रडेल आणि मग मलाही मोकळेपणी रडता येईल. ती म्हणाली, “चेहरा भरला की शोभत नाही.” आणि मशीन लाव म्हणाली.

पैसे त्याने घरी येण्याचे शंभर जास्त लावले.

त्याच वर्षी केमो संपत आल्या होत्या तेव्हा पेपरात फोटो आला. साधनाचा. कॅन्सर आणि एड्सच्या रुग्णांच्या मदतीसाठी झालेल्या फॅशन शोमध्ये ती रॅम्पवर आली होती, गुलाबी साडीत, सोबत रणबीर कपूर. ही बाई कित्येक वर्षं फोटोच काढू देत नसे. थायरॉइडने तिच्या डोळ्यांवर परिणाम केला होता, उपचारांसाठी बॉस्टनला जाऊन आली, काही वर्षांनी काम थांबवलं आणि समारंभांना जाणंही. मी तोवर याला नखरा समजत असे. एकदा देखणेपणावर पोट भरलं की माणूस आरशाचा नोकर होतो, असं काहीतरी मी कॉलेजात असताना वहीत लिहूनही ठेवलं होतं. आई तेव्हाही म्हणाली होती, “नखरा कसला? दारावरची बेल वाजली की आपण पदर सारखा करून दार उघडतो ना? तिच्या दारावर तीस वर्षं बेल वाजतेय.”

फोटो तिने बराच वेळ पाहिला. डोक्याला सुती रुमाल, भुवया गेलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला. मी वाट पाहत होते. मावशी असती तर नक्की ‘अरेरे’ म्हणाली असती.

“साडी चांगली आहे,” आई म्हणाली. नंतर फोटोवर बोट ठेवून, “आणि बघ, हिला जेव्हा यायचं तेव्हा आली.”

साधना पुढच्या वर्षी 25 डिसेंबरला गेली, कॅन्सरने. चौऱ्याहत्तर वर्षांची होती. ती बातमी आईला मी सांगितली नाही, आणि तिनेही पेपरचं ते पान मला दाखवलं नाही. महिन्याभराने तिच्या पोथ्यांच्या पिशवीत ते घडी करून ठेवलेलं सापडलं.

2017 च्या एप्रिलमध्ये विनोद खन्नाचा हॉस्पिटलमधला फोटो सगळीकडे फिरला. दवाखान्याच्या कपड्यातला, हातापायांच्या काड्या झालेल्या. आमच्या ग्रुपवर चार जणांनी टाकला. आईला स्मार्टफोन घेऊन दिला त्याचा मला त्या दिवशी पश्चात्ताप झाला. तिने तो फोटो माझ्याकडून काढून टाकून घेतला आणि विचारलं, “त्याला विचारून पाठवलाय का?” ग्रुपवर तिला टाइप करता येत नव्हतं, म्हणून तिच्या वतीने मीच लिहिलं, ‘आई विचारतेय, त्यांना विचारलं होतं का?’ कुणी उत्तर दिलं नाही. दादाने हात जोडलेले टाकले. 27 तारखेला विनोद खन्ना गेला, सत्तरीचा, आणि ग्रुपवर त्याचे तरुणपणीचे फोटो आले.

आईचे केस परत आले ते कुरळे. जन्मभर सरळ असलेले केस, आणि आता मेंढीच्या पाठीसारखे, पांढरेशुभ्र. केमोनंतर असं होतं म्हणतात. पुढे ते बरेचसे सरळ झाले, कानांमागे मात्र वळण राहिलं. डाय तिने पुन्हा लावला नाही. यात काही तत्त्व नाही. “एकदा सगळं दुकान रिकामं केलं, आता कोण परत माल भरतंय,” म्हणाली. वर्षातून एकदा तपासणीला जातो. रिपोर्ट हातात येईपर्यंत ती वेटिंगमध्ये शेजारच्या बाईला शिरा कसा करायचा ते सांगत असते, आणि मी भिंतीवरच्या टीव्हीत काय चाललंय ते बघत असते, त्यात बहुधा अमिताभ काहीतरी विकत असतो.

डाय मी लावते. बावन्न संपतील आता. आणखी पाच वर्षांनी बाबांच्या बरोबरीची होईन, आणि त्यानंतर त्यांना अरे-तुरे करायला हरकत नसावी. मागच्या केसांना माझा हात पोचत नाही, म्हणून महिन्यातल्या एका रविवारी गॅलरीत तेच स्टूल, खाली पेपर, आणि वाटीत कालवलेली काळी पावडर घेऊन आई माझ्या मागे उभी राहते. सत्त्याहत्तर वर्षांची, पांढऱ्या डोक्याची बाई मुलीचं डोकं काळं करते. हातात प्लॅस्टिकचा मोजा, ब्रश जुना टूथब्रश. मान दाबून धरते, लहानपणी वेणी घालताना धरायची तशी, आणि हललं की टपली.

गेल्या रविवारी तिने पुढचे केस विंचरायला म्हणून कपाळावर आणले आणि थांबली.

“तुझंही कपाळ मोठंच आहे गं.”

“तुझंच आहे.”

ती काही बोलली नाही. मोजा काढून तिने कठड्यावर ठेवला, आत गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा.

“अगं, ती भरतकामाची कात्री कुठे ठेवलीस?”