पेडर रोडचा चढ आणि ओला नॅपकिन

१९८६ची प्रीमियर पद्मिनी गाडी, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, पहिला मालक अजून तोच. ताडदेवला माझ्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला नेहमी येते पण त्या दिवशी टोचन करून आली, मागे मालक काका, हातात ओला नॅपकिन. दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओत पासिंग (पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसी (गाडीची नोंदणी) रिन्यू, गाडी नेऊन दाखवायची) आणि गाडीचं नाटक असं की सकाळी एका सेल्फला स्टार्ट, सिग्नलला आयडलिंग मस्त, पण पेडर रोडचा चढ लागला की अर्ध्यावर आचके देत बंद. दहा मिनिटं उभी ठेवा, परत चालू. काही झालंच नाही असं.

काकांचं निदान तयार होतं. "व्हेपर लॉक आहे रे, एसी पंपावर ओलं फडकं टाकलं की सुरू होते, गेलं वर्षभर तेच करतोय." एसी पंप म्हणजे इंजिनला लागून असलेला पेट्रोलचा मेकॅनिकल पंप. गरम झाला की पेट्रोलची आतच वाफ होते, हे खरंय, मुंबईच्या मे महिन्यात तर होतंच. आमचा पोऱ्या म्हणाला कंडेन्सर (ठिणगीच्या करंटच्या सर्किटमधला भाग) गेला असेल, तोही गरम झाल्यावरच दगा देतो. दोघांचंही बरोबर असू शकत होतं म्हणून तर गोची.

अशा गाडीला गॅरेजमध्ये उभी करून काही कळत नाही. ती मेलेली असतानाच पकडायची, तेव्हाच कळतं पेट्रोल नाही की करंट नाही. म्हणून काकांना बसवलं बाजूला, हाजी अलीवरून चढावर घेतली, आचके सुरू झाले तशी कडेला लावली. नॅपकिन काकांकडून काढूनच घेतला, म्हटलं आता कोणी हात लावायचा नाही. प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली, पोऱ्याने सेल्फ मारला, टकटकीत निळी ठिणगी. म्हणजे कंडेन्सर, पॉइंट, कॉईल सगळे सुटले. मग कॉईलची वायर काढून ठेवली (नाहीतर पेट्रोल उडतंय आणि वर ठिणगी, गाडीच पेटायची), कार्बोरेटरकडे जाणारा पाईप सोडून बाटलीत धरला, परत सेल्फ. नुसती फुसफुस, पेट्रोलचा थेंब नाही.

आता पंप गरम होऊन बसलाय की त्याच्याकडे पेट्रोलच पोचत नाहीये? मागचं टाकीचं झाकण उघडलं, हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचा श्वास (हवा आत घ्यायचं भोक) चालू आहे. मग पंपाच्या मागचा पाईप काढून पंपाला थेट पेट्रोलची बाटली जोडली. हे तुम्ही करू नका, मी पण पोऱ्याच्या हातात एक्स्टिंग्विशर देऊन बसवलेला. गाडी स्टार्ट केली आणि त्याच गरम पंपावर, नॅपकिनशिवाय, सेकंड गिअरमध्ये पूर्ण चढ चढून गेली. काका गप्प. पंप बेकसूर, भानगड टाकी आणि पंपाच्या मधे.

गॅरेजला येऊन लोखंडी लाईनमध्ये हवा मारली, साफ. राहिला पंपाजवळचा वीतभर रबरी पाईप. बाहेरून नवाकोरा, कारण होताच नवा, मागच्या वर्षी कोणीतरी दुसरीकडे बदलून दिलेला. एका बाजूने फुंकलं तर हवा जाते, ओढलं तर तोंडाला चिकटून बंद! ब्लेडने उभा चिरला तर आतला थर सुटून, फुगून, जिभेसारखा लोंबत होता. तो पेट्रोलचा पाईपच नव्हता, कुठलातरी साधा पाईप, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, असलं रबर टिकणारच नाही त्यात. आयडलिंगला पेट्रोल कमी लागतं म्हणून चालायची, चढावर पाय दाबला की पंप जोरात ओढायचा, वर इंजिनच्या धगीने रबर मऊ, जीभ उठायची आणि भोक बंद. इंजिन बंद झालं की ओढ संपली, जीभ परत जागेवर. नॅपकिन ओला करून आणेपर्यंत जी दहा मिनिटं जायची ना, तीच काम करायची, पाणी नाही. आणि ओढणाऱ्या बाजूचा पाईप असल्याने बाहेर गळत पण नाही, वास पण नाही, त्यामुळे कोणाचं लक्षच जात नाही तिकडे. कार्बोरेटरच्या बाजूचा असता तर गळून बोंब मारली असती त्याने.

लॅमिंग्टन रोडच्या पुढे एका दुकानातून आर९ छापलेला पाईप मागवला, इथेनॉल झेलणारं अस्तर असतं त्याला, टाकीकडचा तुकडा पण तसलाच बदलला कारण तोही त्याच हाताने टाकलेला दिसत होता. संध्याकाळी काकांनीच पेडर रोडवर वरखाली फिरवली, एसी पंपाला हात लावून बघितला, चटका बसला तरी गाडी चालूच. सकाळी पासिंग झालं. बिल बघून मात्र काका म्हणाले, "वीतभर पाईपाचे एवढे?" म्हटलं काका पाईपाचे कमीच आहेत, बाकीचे तो शोधल्याचे.