बेगमपेट ते कोलकाता: रॉसच्या पत्रांच्या मागावर

हैदराबादमध्ये बेगमपेटच्या जुन्या विमानतळाजवळ एक जुनी वास्तू उभी आहे. तिथे उस्मानिया विद्यापीठाची सर रोनाल्ड रॉस परजीवीशास्त्र संस्था आहे. जागा विद्यापीठाची असल्यामुळे आधी विचारून, कामाच्या दिवशी जावं. नुसतं पाहायचं म्हटलं तर दहा मिनिटांत पाहून होतं. हिवताप (मलेरिया) डासांमुळे पसरतो हे शोधून काढणाऱ्या रॉसने इथून लंडनला आपला सल्लागार डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन याला धाडलेली पत्रं वाचून गेलात, तर मात्र दुपार पुरत नाही. मी हैदराबाद आणि कोलकाता ही दोन्ही गावं त्या पत्रांच्या क्रमाने पाहिली, आणि हा क्रम बदलू नये असं माझं मत आहे.

थोडी पार्श्वभूमी. रॉस लष्करी डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, जन्म अल्मोड्याचा. १८९४ साली रजेवर लंडनला असताना मॅन्सनने त्याला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तातले चंद्रकोरीसारखे जंतू दाखवले आणि हे डासात जात असणार, शोधून काढ, असं सुचवलं. मार्च १८९५ मध्ये रॉस बोटीने निघाला, एप्रिलमध्ये मुंबईला उतरला आणि सिकंदराबादला १९व्या मद्रास पायदळात रुजू झाला. तिथून पत्रं सुरू झाली, ती १८९९ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडेपर्यंत.

एरवी पत्रांत माणूस शोधतात, पण ही पत्रं प्रयोगवहीसारखी वाचावीत. कोणत्या रोग्याला डास चाववले, कितव्या दिवशी डास उघडला, आत काय दिसलं आणि काय दिसलं नाही, सगळं त्यांत आहे. आता टपालाचा हिशोब पाहा. बोटीने पत्र पोचायला दोन-तीन आठवडे, उत्तर यायला तेवढेच. शंका विचारून सल्ला हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना जाई. तोवर ज्या डासाबद्दल विचारलं तो कधीच मेलेला असे.

शिवाय सल्लाही अर्धाच बरोबर होता. मॅन्सनची समजूत अशी की डास एकदा रक्त पितो, पाण्यावर अंडी घालून तिथेच मरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला हिवताप होतो. रॉसने १८९५ मध्ये डास मेलेलं पाणी माणसांना पाजूनसुद्धा पाहिलं. नीट पोसलेली मादी काही आठवडे जगते आणि पुन्हापुन्हा चावते, हे दोघांच्याही हिशोबात नव्हतं.

खरी खोट मात्र नावांत होती. रॉस कीटकशास्त्रज्ञ नव्हता आणि त्याच्याजवळ डासांचं धड पुस्तकही नव्हतं. त्यामुळे पत्रांत डास रंगावरून येतात: करडे, पट्टेरी आणि अगदी शेवटी ठिपकेदार पंखांचे. आजच्या भाषेत करडे म्हणजे क्युलेक्स, पट्टेरी म्हणजे एडिस. माणसाचा हिवताप या दोन्हींमध्ये वाढत नाही. दोन वर्षं तो हेच दोन उघडत बसला! तिसरा, म्हणजे अ‍ॅनॉफिलिस, ऑगस्ट १८९७च्या मध्यावर मदतनिसाने आणलेल्या अळ्यांतून निघाला.

हा फरक पाण्यातच ओळखता येतो. क्युलेक्सची अळी शेपटीकडची श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली करून तिरकी लोंबते. अ‍ॅनॉफिलिसच्या अळीला तशी लांब नळी नसते, म्हणून ती पाण्याच्या पातळीला समांतर, गवताच्या काडीसारखी आडवी पडून असते. तिचा पूर्ण वाढलेला डासही बसतो तो शेपटीकडची बाजू वर उचलून. पांढऱ्या बशीत दोन्ही अळ्या शेजारी ठेवल्या तर शाळकरी मूलही चूक करणार नाही.

१६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या रोग्याला हे डास चाववले, दर डासामागे एक आणा देऊन. त्याच्या रक्तात चंद्रकोरी होत्या. मग वाट पाहणं आलं, आणि डास नेमके इथेच हातचे जातात. रक्त प्यायलेल्या मादीला ओलावा आणि तहानेची सोय लागते. नळीतला कापूस कोरडा पडला तर दोन-तीन दिवसांत ती मरते. घाईने उघडली तर पोट ताज्या रक्ताने भरलेलं असतं, जठराची भिंत दिसत नाही.

चिरफाड ऐकायला सोपी आहे. डास बेशुद्ध करायचा, पंख आणि पाय काढायचे, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा. एका सुईने छाती दाबून धरायची, दुसरीने पोटाचे शेवटचे दोन खंड अलगद ओढायचे. जठर अख्खं बाहेर येतं. झटका दिला की ते मध्येच तुटतं. मिठाचं पाणी आज ०.९ टक्क्यांच्या आसपासचं घेतात. साधं पाणी घेतलं तर ते पेशींत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. वरच्या काचेवर जास्त दाब पडला, तर जे शोधायचं तेच चिरडतं.

रॉस हे ऑगस्टच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून करत होता, कारण वाऱ्याने डासाचे तुकडे उडून जात. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले, उरलेली एकमेव नेत्रभिंगाची काच तडकलेली. बेगमपेटला माझा सर्वांत जास्त वेळ या एका तपशिलापाशी गेला.

२० ऑगस्टला, चौथ्या दिवशी, जठराच्या भिंतीत त्याला एक जवळजवळ गोल पेशी दिसली, सुमारे १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते, त्यावरून अंदाज यावा. डासाच्या जठराची म्हणावी तर ही फार लहान आणि कड फार रेखीव. निर्णायक ठरले आतले काळे कण. हिवतापाचा जंतू रक्तातलं हिमोग्लोबिन खातो आणि त्याचा उरलेला काळा गाळ साठवतो. रोग्यांच्या रक्तात रॉसने तोच रंग हजार वेळा पाहिला होता. २१ तारखेला शेवटच्या डासात तशाच पेशी निघाल्या, पण मोठ्या. म्हणजे ती वस्तू डासात वाढत होती. आज २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन आहे. मला विचाराल तर २१ तारखेचा पुरावा जास्त भक्कम.

पुढच्याच महिन्यात त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली. उदयपूर-अहमदाबाद रस्त्यावरचं हे गाव मी वगळलं. तिथे हिवतापाचे रोगी जवळजवळ नव्हतेच, आणि पत्रांत कामापेक्षा वैतागच अधिक आहे.

कोलकात्यात रवींद्र सदन मेट्रो स्थानकावर उतरून एसएसकेएम रुग्णालयाकडे चालत जा. पूर्वीचं हे प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटल. त्याच्या भिंतीत स्मारक-दरवाजा आहे. १९२७च्या जानेवारीत त्याचं अनावरण झालं तेव्हा रॉस स्वतः हजर होता. शिलालेखात पत्ता नेमका दिलाय: दरवाजापासून आग्नेयेला ७० यार्डांवरची छोटी प्रयोगशाळा. ७० यार्ड म्हणजे ६४ मीटर, साधारण पंच्याऐंशी पावलं. रॉसच्या कवितेच्या ओळीही तिथे कोरल्या आहेत. त्या सावकाश वाचा, पण आधी दिशा बघून घ्या.

इथे तो फेब्रुवारी १८९८ मध्ये आला, तेव्हा प्लेगच्या लसीच्या धास्तीने लोक बोटाला सुई टोचू देईनात. म्हणून त्याने पक्षी धरले. चिमण्यांचा हिवताप वेगळ्या जंतूचा, आणि गंमत म्हणजे तो वाढतो करड्या डासात, सिकंदराबादला निरुपयोगी ठरलेल्या त्याच डासात. आता रोगी पिंजऱ्यात होते आणि डास हवे तेवढे. जठरावरच्या गाठी (त्याच वाढलेल्या पेशी) फुटून निघालेले धाग्यासारखे जंतू कुठे जातात हे शोधता शोधता जुलैच्या सुरुवातीला तो लाळग्रंथींपर्यंत पोचला. पिण्याच्या पाण्याचा सिद्धांत तिथेच संपला, कारण डास चावताना लाळ सोडतो. पुढे २८ निरोगी चिमण्यांना असे डास चाववले, त्यांतल्या २२ आजारी पडल्या.

ही बातमी मात्र बोटीच्या भरवशावर राहिली नाही. रॉसने तार केली, आणि त्याच महिन्यात एडिंबराच्या वैद्यकीय परिषदेत मॅन्सनने हा शोध जाहीर केला.